किब्ला पूर्वेला

खर्डीत आमच्या लहानपणी मगरीबची अजान झाली की आम्ही दोघे मित्र धावत मशिदीत शिरायचो. समोर, तानसाच्या जंगलाकडे, सूर्य नुकताच बुडालेला असायचा. किब्ला म्हणजे पश्चिम, हे आम्ही शाळेत दिशा शिकण्याआधीच शिकलो होतो.

तो मित्र आता दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये राहतो. नोकरीसाठी हॉलंडला गेला, तिथे सुरीनामी मुलीशी निकाह झाला आणि सासरच्यांच्या दुकानासाठी दोघे पारामारिबोला परतले. त्याला चौदा वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात त्याची अम्मी अल्लाहला प्यारी झाली. खर्डीत पोहोचायला त्याला दोन दिवस लागले असते. दफन त्याच दिवशी असरनंतर झाले. जनाजाला खांदा मी दिला. म्हणून अम्मीची जानमाज घेऊन मीच निघालो.

मुंबईहून ॲमस्टरडॅम, तिथून पुढे नऊ तास. विमानतळ शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरवर. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात, घरे लाकडाची, पांढरी. वहिनींची सरनामी बोली कानाला भोजपुरीसारखी लागते. जेवायला रोटी, बटाटा, कोंबडी आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा. मिरची मात्र जपून खावी!

वहिनींचे पूर्वज 'कंत्राकी', म्हणजे पाच वर्षांच्या करारावर आणलेले मजूर. कलकत्त्याहून निघालेले 'लाला रुख' हे पहिले जहाज ५ जून १८७३ रोजी इथे लागले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार हिंदुस्थानी आले, त्यांत मुसलमानही होते. १८९० पासून जावा बेटावरूनही मजूर आणले गेले, ते बहुतेक सगळे मुसलमान.

फजरला मित्राने जानमाज अंथरली ती उजाडत्या बाजूला तोंड करून. मी नकळत उलटा उभा राहिलो. त्याने मला दंडाला धरून वळवले. "पहिले कित्येक महिने मीही असाच चुकायचो," म्हणाला. इथून काबा पूर्वेला, किंचित उत्तरेकडे.

पण याच देशात जावानी लोकांच्या काही जुन्या मशिदी आजही पश्चिमेकडेच तोंड करून आहेत. जावाहून काबा पश्चिमेला. पूर्वज तसेच उभे राहत, म्हणून मुलेही. पुढे अनेकांनी दिशा बदलली. १९३० नंतरच्या काळात यावरून गावागावांत 'पूर्ववाले' आणि 'पश्चिमवाले' असे गट पडले. मला आधी हसू आले. नकाशा उघडला की दहा मिनिटांत मिटणारा वाद! पण नुकताच मी स्वतः सवयीने उलटा उभा होतो, हे आठवले आणि गप्प बसलो. गाव सोडताना माणसे भांडीकुंडी सोडतात, दिशा सोडवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कब्रस्तानात फातिहा पढायला गेलो. त्याचे सासरे तिथे आहेत. मित्र बराच वेळ कबरीकडे बघत होता.

"अम्मीचं तोंड पश्चिमेला केलंत ना?"

"हो. मीच आत उतरलो होतो."

"इथे पूर्वेला करतात." थोडे थांबून म्हणाला, "म्हणजे मला इथे ठेवलं, तर आम्ही दोघं समोरासमोर असू."

मला काही बोलता आले नाही. घरी आल्यावर त्याने माझ्याकडे खर्डीच्या मशिदीसाठी पाकीट दिले आणि अम्मीच्या कबरीभोवतीचे गवत कोण काढते, ते विचारले. सध्या मीच काढतो.