लोणारचं वय किती लिहायचं?



लोणार सरोवर शिकवताना वर्गात एक हात वर येतोच. "मॅडम, उल्का पडली तेव्हा तिथं कोण होतं? मग कळलं कसं?" तास संपत आलेला असतो, भाग पुरा करायचा असतो, आणि आपण "शास्त्रज्ञांनी शोधून काढलं" एवढं सांगून पुढे जातो. पण मला विचाराल तर सगळ्या धड्यात खरं शिकवण्यासारखं असेल, तर ते या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. बुलढाणा जिल्हा, सगळीकडे काळा बेसॉल्ट. लाव्ह्याचे थरावर थर, पाटाच्या चळतीसारखे आडवे. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातल्या 'ट्रॅप'चा मूळ अर्थच पायरी. आपले सगळे डोंगर बघा, पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. आणि या सपाट पठारात अचानक एक गोल वाडगा: सुमारे १.८ किलोमीटर व्यास आणि जवळपास दीडशे मीटर खोली. काठावर गेलं की आडवे असायला हवेत ते थर वर उचललेले दिसतात, काही ठिकाणी तर उलटेच पडलेले. पुस्तकाची पानं आतून बाहेर उलटावीत तसे.

आता कुणी म्हणेल, बेसॉल्ट म्हणजे ज्वालामुखीचा खडक, मग हा ज्वालामुखीचाच खड्डा कशावरून नाही? अहो, मोठमोठ्या माणसांना हीच शंका होती. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली, आणि त्यानंतर दीडशे वर्षं वाद चालू होता. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या विवराचीही तीच कथा. गिल्बर्ट हे त्या काळचे नावाजलेले भूवैज्ञानिक. त्यांनी १८९० च्या दशकात पाहणी करून ठरवलं की हे काम जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचं आहे. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना तिथं कोएसाइट सापडलं, तेव्हा कुठे निकाल लागला. कोएसाइट म्हणजे प्रचंड दाबाखाली रूप बदललेलं क्वार्ट्झ. तसा दाब ज्वालामुखीच्या तोंडाशी तयार होत नाही.

गंमत अशी की लोणारला हा पुरावा चालत नाही. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतंच! मग शोधायचं काय? बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज भरपूर असतं. त्याला वातावरणाच्या दाबाच्या काही लाख पट धक्का बसला, तर ते न वितळताच काचेसारखं होतं, म्हणजे स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो आणि आतली रचना मोडून जाते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या संशोधकांनी तळ्यात खोल छिद्रं घेतली. जवळजवळ शंभर मीटर गाळ ओलांडल्यावर खाली चुरा झालेला खडक लागला, आणि त्यात ही काच होती. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. तर मुलांना सांगा: तिथं कोणी नव्हतं, पण खडक होता. धक्क्याची खूण त्यानं जपून ठेवली होती.

वर्गात करून दाखवायचं असेल तर परातीत बारीक रेती, वर रांगोळीचा रंगीत थर, आणि कंचा. कंचा वरून सोडला की खड्डा पडतो, काठ उचलला जातो, खालची रेती उडून रंगावर पसरते. मुलं खूश. मग कंचा तिरका फेकायला सांगा. खड्डा लांबट होतो. आता चंद्राचा फोटो दाखवा आणि विचारा, उल्का काय सगळ्या सरळ वरूनच पडल्या? मग चंद्रावरचे बहुतेक खड्डे गोल कसे? इथं वर्ग शांत होतो. ती शांतता मोडायची घाई करू नका.

उत्तर वेगात आहे. उल्का सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येते. म्हणजे पुण्याहून मुंबईला आठ-दहा सेकंदांत! एवढ्या वेगानं आदळल्यावर ती कंच्यासारखी रुतून बसत नाही. तिथं स्फोटच होतो, आणि स्फोट सगळ्या दिशांना सारखा पसरतो. म्हणून खड्डा गोल. आपली परात इथं कमी पडते, आणि ती कुठे कमी पडते हे मुलांनीच ओळखलं तर प्रयोग सार्थकी लागला म्हणायचा.

दुसरा हमखास प्रश्न: चंद्रावर एवढे खड्डे, पृथ्वीवर का नाहीत? "वातावरणात उल्का जळून जातात" हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. लहान उल्का जळतात, मोठ्यांना वातावरण अडवू शकत नाही. पृथ्वीवरही मार बसला, पण इथं पाऊस आहे, नद्या आहेत, गाळ आहे, सरकणारे भूखंड आहेत. म्हणजे आपल्याकडे फळा रोज पुसला जातो. चंद्रावर पुसणारं जवळपास कोणी नाही. म्हणून पृथ्वीवर आजवर खात्रीनं ओळखलेली आघात विवरं दोनशेच्या आसपासच आहेत. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला इथलं विवर लोणारपेक्षा कितीतरी मोठं, सुमारे ११ किलोमीटरचं. पण ते इतकं जुनं आणि झिजलेलं आहे की तिथं उभं राहून वाडगा दिसत नाही. लोणार अजून वाडग्यासारखं दिसतं, यावरूनच ते भूशास्त्राच्या हिशेबानं तरुण आहे हे कळतं.

तरुण म्हणजे किती? इथं खरी अडचण सुरू होते.

आमच्याकडे एका बाहेरच्या सराव चाचणीत प्रश्न आला होता, लोणारचं वय किती? एका मुलीनं लिहिलं, "सुमारे ५० हजार वर्षे मानतात, पण नवीन संशोधनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे." गुण कापले. उत्तरसूचीत एकच आकडा होता. तिच्या वडिलांचा मला फोन. "मॅडम, पोरीला एकच काय ते सांगा ना. दोन दोन उत्तरं लिहून गुण जातेत." त्यांचा राग मला समजतो. एका गुणानं कुठलं तरी वसतिगृह, कुठली तरी शिष्यवृत्ती हुकते, हे आपण सगळे बघतो. पण मुलगीही चुकलेली नव्हती.

दोन्ही आकडे कसे आले ते सांगते. आघातात खडक वितळून काचेचे गोळे झाले. त्या काचेत आसपासच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. काच तापवली की ती प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि त्यावरून किती काळ साठवण चालली होती ते काढतात. या पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं आली. दुसरी पद्धत अरगॉनची. खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून हळूहळू अरगॉन वायू बनतो. खडक वितळला की जुना वायू निघून जातो आणि घड्याळ शून्यापासून चालू होतं. २०११ मध्ये या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आली. म्हणजे दहापटीहून जास्त फरक!

दोन्ही घड्याळांचे दोष उलट दिशेचे आहेत. प्रकाशाच्या पद्धतीत साठलेली ऊर्जा गळू शकते, शिवाय साठवण एका मर्यादेपर्यंतच होते, त्यामुळे वय कमी भरू शकतं. अरगॉनच्या पद्धतीत सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमधला वायू थोडा जरी मागे राहिला, तरी वय जास्त भरतं. संशोधकांनी तो उरलेला वायू हिशेबात धरूनच आकडा दिला आहे. मला अरगॉनचं पारडं जड वाटतं. तरी पन्नास हजाराचा आकडा बऱ्याच ठिकाणी अजून छापला जातो.

हे सगळं मी त्या वडिलांना फोनवर सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या बोअरसारखंच. पाणाड्या म्हणला दोनशे फुटाला पाणी, गाडीवाला म्हणला चारशे." मी म्हटलं, फरक एवढाच की इथं दोघांनी आपापला हिशेब उघडून दाखवलाय. परीक्षेपुरतं मात्र आमचं ठरलं: पुस्तकातला आकडा आधी लिहायचा, दुसरा त्याच्याखाली एका ओळीत. गुण पुन्हा कापले तर? तर मी तपासणाऱ्यांना लेखी कळवीन असं बोलले आहे. पालकहो, तुमच्या मुलांनी असं लिहिलं तर कृपा करून लगेच रागावू नका.

घरी आजी लवणासुराची गोष्ट सांगते, तिचं काय, असंही विचारतात. सांगू द्या की. लोणार गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे, ते त्याच कथेशी जोडलेलं. या जागेत काही वेगळं आहे हे लोकांनी फार आधी ओळखलं होतं आणि पाण्याची चव तर नावातच ठेवली. फक्त एक करा. खारटपणा उल्केनं आणला असं काही मुलं लिहितात, ते तेवढं दुरुस्त करा. झरे आणि ओहोळ पाणी आत आणतात, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि क्षार मागे राहतात. पाणी नुसतं खारट नाही, सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं, तेही क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

सहल काढणार असाल तर पावसाळा उलटल्यावर न्या आणि सकाळी लवकर पोहोचा. आधी काठावरूनच अर्धा तास बघू द्या, वहीत वाडग्याचं चित्र काढायला लावा, थर कुठे आडवे आणि कुठे उचललेले ते बाणानं दाखवायला सांगा. मग खाली उतरा. जागा अभयारण्य आहे आणि राष्ट्रीय भूवारसा स्मारकही, त्यामुळे खिशातून दगड आणायचे नाहीत हे बसमध्येच सांगून ठेवा. पाण्यासाठी सामूची पट्टी न्यायला विसरू नका. पट्टीचा रंग बदलताना मुलं जे ओरडतात ना, ते ऐकण्यासारखं असतं.