रँग्लरांच्या गावातील एक फरशी

केंब्रिज हे नाव मराठी घरांत पोचले ते ‘रँग्लर’ ह्या शब्दाचा हात धरून. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्यासमवेत प्रथम आले आणि तेव्हापासून रँग्लर म्हणजे परीक्षेतील परमोच्च यश, हे समीकरण आपल्याकडे रूढ झाले. मग ते घर पुण्यातले असो, इंदुरातले असो की बडोद्यातले.

त्यांचे सेंट जॉन्स कॉलेज आम्ही आदराने पाहिले आणि शेजारच्याच ट्रिनिटी कॉलेजकडे वळलो. महाद्वारावर आठव्या हेन्री राजाचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाऐवजी चक्क खुर्चीचा पाय आहे! आत विस्तीर्ण चौक, मध्ये कारंजे. न्यूटन ह्याच कॉलेजचे, आपले रामानुजनही इथलेच. परंतु आमच्या मनात होते ते चार विद्यार्थी आणि त्यांचे एक कोडे.

ब्रुक्स, स्मिथ, स्टोन आणि टट हे चौघे १९३६ ते १९३८ ह्या काळात येथे शिकत होते. टट तर रसायनशास्त्राचा विद्यार्थी. कोडे सांगायला सोपे आहे. एक चौरस जमीन चौरस फरश्यांनी मढवावयाची. मात्र कोणत्याही दोन फरश्या सारख्या मापाच्या नसाव्यात, आणि कोठे फटही राहू नये. सारख्या शहाबादी फरश्या बसवणाऱ्या आपल्या गवंड्याला ही अट ऐकून हसू येईल. जाणत्यांतही हे अशक्यच, असा समज होता.

चौघांनी प्रश्नाचे रूपच पालटले. फरश्यांमधील प्रत्येक आडवी रेघ घ्या. तिच्या वर टेकलेल्या फरश्यांच्या रुंदीची बेरीज खालच्या फरश्यांच्या बेरजेइतकीच भरते. विजेचेही असेच असते: तारांच्या सांध्यात जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर पडतो. म्हणून त्यांनी रेघेला सांधा मानले, फरशीला तार, आणि फरशीच्या बाजूला प्रवाह. आता विजेचे जाळे काढावे, प्रवाह मोजावेत, की फरश्यांची मापे आपोआप हाती यावीत.

एक मौज अशी. ब्रुक्सने अशा एका आयताचे तुकडे कापून आईला जुळवावयास दिले. त्या माउलीने आयत जुळवला खरा, पण मुलाच्या आकृतीहून निराळ्या मांडणीने! तेच तुकडे, तोच आयत, दोन मांडण्या. ह्या अनपेक्षित योगाने चौघांच्या शोधाला नवे बळ मिळाले.

१९३९ साली जर्मनीत श्प्राग ह्यांनी ५५ फरश्यांचा असा चौरस प्रसिद्ध केला. चौघांचा निबंध १९४० साली आला. पुढे १९७८ साली नेदरलँड्समधील डाउवेस्टाइन ह्यांनी संगणकाच्या साहाय्याने केवळ २१ फरश्यांचा चौरस शोधला. त्याची बाजू ११२, सर्वांत मोठी फरशी ५०, सर्वांत लहान २. याहून कमी फरश्यांत हे साधत नाही. ट्रिनिटीच्या गणित मंडळाने हीच आकृती आपले बोधचिन्ह म्हणून मिरवली आहे.

आणि टट? महायुद्धात जर्मनांच्या लोरेन्झ ह्या संकेतयंत्राची रचना त्यांनी यंत्र डोळ्यांनी न पाहता केवळ तर्काने उलगडली. त्यांना ह्या गणिती वाटेवर आणले ते फरश्यांच्या ह्या छंदाने, ज्याला परीक्षेत एकही गुण नव्हता. परांजप्यांचे यश थोरच. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु ‘हे अभ्यासक्रमात आहे का?’ असे मुलांना विचारण्यापूर्वी आपण पालकांनी सेंट जॉन्सबरोबर ह्या शेजारच्या चौकाचीही आठवण ठेवावी.

पोलंडचे मोरोन् ह्यांनी १९२५ साली दिलेला आयत घरी करून पाहण्याजोगा आहे. जाड कागदाचे नऊ चौरस कापा: १८, १५, १४, १०, ९, ८, ७, ४ आणि १. त्यांतून ३३ रुंद व ३२ उंच आयत जुळवावयाचा. वरच्या ओळीत १८ व १५, तळाशी १४, १०, ९. उरलेले चार कोठे बसतात ते मुलांना शोधू द्यावे, आणि आईलाही.