कायद्यात बसते, पण न्यायात बसते का?

आमच्या मनोरीत संध्याकाळी कागद वाचून घ्यायला माणसे येतात. नोकरीत असताना फाइली हाताळण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगी पडते, एवढेच. पहाटेच्या बोटीने खाडी ओलांडायची, मार्व्याला उतरून मालाडची बस धरायची आणि दिवसभर झाडू-फावडे हातात घ्यायचे, असा यांचा दिनक्रम. कुणी पगाराची चिठ्ठी आणतो, कुणी ठेकेदाराने अंगठा उठवून घेतलेला छापील कागद. "काका, यात काय लिहिलंय तेवढं सांगा," असे म्हणून समोर बसतात.

मागे एकदा एकाच कचरागाडीवर काम करणारे तिघेजण एकत्र आले. तिघांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर तिन्हींवर तीन वेगळ्या संस्थांची नावे! गाडी एक, मुकादम एक, पगार वाटणारा हातही एकच. चौकशी केली तेव्हा कळले, एका संस्थेकडे अठरा माणसे, दुसरीकडे सतरा, तिसरीकडे पुन्हा अठरा. शिवाय सात-आठ महिने झाले की या संस्थेचा माणूस त्या संस्थेच्या कागदावर जातो. काम तेच, गल्ली तीच, फक्त कागदावरचा मालक बदलतो. भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, गणवेशही स्वतःचाच. ठेकेदाराला विचारले तर तो शांतपणे म्हणतो, "मी कुठला कायदा मोडला ते दाखवा."

हे अठरा-सतराचे गणित आपल्या प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे, कारण त्यात आपलीच माणसे मोजली जातात. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० साली झाला. तो वीस किंवा अधिक कामगारांना लागू होई. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदाही वीसच्याच आकड्याला बांधलेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला सलग सेवेचे संरक्षण दिले. कायदा करणाऱ्यांचा हेतू सरळ होता. चार-दोन माणसांच्या छोट्या उद्योगावर कागदपत्रांचे ओझे पडू नये आणि मोठ्या ठिकाणी राबणाऱ्याला आधार मिळावा. पण जिथे रेघ आखली, तिथेच काहींना पळवाट दिसली. पन्नास माणसांचे काम घ्यायचे आणि त्याचे तीन तुकडे करायचे. २४० दिवस भरत आले की कागद बदलायचा. लहानांसाठी ठेवलेल्या सवलतीत मोठा माणूस वाकून शिरतो, तो असा.

महाराष्ट्रात २०१७ साली कंत्राटी कायद्याचा हा आकडा वीसवरून पन्नासवर नेला गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही पन्नासच ठेवला आहे. म्हणजे पूर्वी हिशेब एकोणिसाव्या माणसावर थांबायचा, आता तो एकोणपन्नासाव्यावर थांबेल. फट बुजली नाही, रुंद झाली.

दुसरी पळवाट शब्दांची आहे. मुंबई महापालिकेने २००१ च्या सुमारास दत्तक वस्ती योजना सुरू केली. वस्त्यांची सफाई स्थानिक संस्थांकडे दिली आणि सफाई करणाऱ्याला नाव दिले स्वयंसेवक, त्याच्या मजुरीला नाव दिले मानधन. स्वयंसेवक कोणाला म्हणतात हे आपल्याला शिकवायला नको. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर उभा राहून रांगा सांभाळणारा समता सैनिक दलाचा जवान, तो स्वयंसेवक. पण जो रोज सकाळी हजेरी लावतो, मुकादमाचा हुकूम ऐकतो, एक दिवस आजारी पडला तर ज्याचे पैसे कापले जातात, तो कसला स्वयंसेवक? त्याला कामगार म्हटले की किमान वेतन द्यावे लागते, म्हणून त्याला सेवेचा मान दिला. नुसता मान देऊन भाकरी काढून घेण्याची युक्ती आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. गावकीची कामे बलुत्याच्या नावाने करून घेतली जात, तेव्हाही करार तोंडी आणि हक्क मालकाच्या मर्जीवर होता.

या युक्त्यांपुढे कामगार हरलाच असे मात्र नाही. मुंबईत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न न्यायालयात नेला. शहराचा कचरा उचलणे हे महापालिकेचे १८८८ च्या अधिनियमातील कलम ६१ नुसार बंधनकारक कर्तव्य आहे. काम कायमचे, देखरेख पालिकेची, मग मधला ठेकेदार कशाला, असा संघाचा साधा सवाल होता. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने हे करार दिखाऊ ठरवले आणि २७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे २०१६ मध्ये हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे ७ एप्रिल २०१७ रोजी हरली. पुढे जुलै २०२४ मध्ये आणखी ५८० कामगारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला.

पण निकाल लागेपर्यंत कितीजणांच्या कमरा वाकल्या! आणि निकालानंतरही अनेकांची नेमणूक कुठे अडकली? नावात. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर एका अक्षराचा फरक. ज्याला शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्याचे नाव मुकादमाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि वीस वर्षांनी त्या काना-मात्रेचा हिशेब कामगाराकडे मागितला गेला. पळवाटेचा नफा ज्याचा, त्याचे नाव सगळ्या कागदांवर अचूक असते, हेही ध्यानात घ्यावे.

आता ठेकेदाराचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, मी घेतले नाही तर दुसरा घेईल. म्हणतो, मी काम तरी देतो. आणि म्हणतो, कायद्याच्या कडेला कोण नाही? तुमची भाजीवाली परवान्याशिवाय बसते, तुमची झोपडी तरी कुठे नकाशात आहे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, कारण तो ऐकून आपली माणसे गप्प बसतात. फुटपाथवर टोपली मांडणारी बाई कायद्याच्या कडेला बसते, कारण आत तिला जागा नाही. तिथे हवालदाराची भीती तीच सोसते, टोपली उचलली गेली तर नुकसान तिचेच होते. ठेकेदाराला आत जागा आहे. वकील, हिशेबनीस सगळे आहेत. तो मुद्दाम कडेला येतो, नफा स्वतः घेतो आणि धोका दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. कचऱ्यातली काच त्याच्या हाताला लागत नाही. एकीला नाइलाजाने बाहेर राहावे लागते, दुसरा हिशेब करून बाहेर राहतो. दोघांना एका तराजूत घालणे ही लबाडी आहे.

आम्ही एक कसोटी लावतो. जो व्यवहार केला, तो समोरच्या कामगाराला उघडपणे समजावून सांगता येईल का? "तुला निधी द्यावा लागू नये म्हणून तुझे नाव तिसऱ्या संस्थेत टाकले," असे त्याच्या बायकोमुलांसमोर बोलता येईल का? येत नसेल, तर तो व्यवहार त्याच्या अज्ञानावर उभा आहे. भगवंतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. शस्त्रे, विष, मद्य यांचा व्यापार करू नये, एवढे आपण पाठ म्हणतो. पण ज्या कमाईने दुसऱ्याचे आयुष्य झिजते, ती कमाई सम्यक कशी? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनेचा एक शब्दही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून तिचा आत्मा मारता येतो. जे घटनेचे, तेच कामगार कायद्याचे. कलमे जागच्या जागी राहतात आणि माणूस उघडा पडतो.

आता थोडे कडू बोलायचे आहे. हे ठेकेदार सगळेच परके नाहीत. आपलीच शिकलेली काही मुले आता ठेके घेतात. घेऊ देत, आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण खाडीपलीकडच्या एका जयंती मंडळात असाच एक ठेकेदार मोठी वर्गणी देऊ लागला तेव्हा बैठकीत दोन तट पडले. तरुण म्हणाले, पैसा समाजाच्याच कामी येतो आहे. तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक सफाई कामगार बाई उठून म्हणाली, "ही वर्गणी माझ्या पगारातलीच हाय, पावती तेवढी त्याच्या नावाची." बैठक बराच वेळ गप्प राहिली. मंडळाने ठरवले, आधी कामगारांचा निधी भरल्याची पावती दाखवा, मग जयंतीची पावती फाडू. त्या वर्षी मंडप लहान झाला, कुणाचे काही बिघडले नाही.

आमचे घरोघरच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. आधारवर, बँकेत आणि हजेरीपटावर नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे का, ते मुलांकडून तपासून घ्या. कागदावरची संस्था बदलली तर तारीख वहीत टिपा. अंगठा उठवण्याआधी कागद वाचून घ्या आणि एकट्याने भांडू नका, संघटनेत जा. आणि ज्या घरातला मुलगा ठेकेदार झाला असेल, त्या आईबापांनी त्याला एकदा जेवायला बसवून विचारावे, "तुझ्याकडे माणसे किती? आणि कागदावर किती?"