सूद का काम

शिक्षकांच्या पतसंस्थेवर मी संचालक म्हणून निवडून गेले तेव्हा अम्मीने एवढंच विचारलं, "सूद का काम है ना वो?" मी म्हटलं, आपल्याच शिक्षकांच्या पगारातून कापलेली वर्गणी आणि आपल्याच शिक्षकांना कर्ज. कुणाचं लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाच्या घराचं छत. ती गप्प बसली. अब्बा असते तर गप्प बसले नसते. बचत खात्यावर जमा झालेलं व्याज ते दरवर्षी पासबुकात बघून वेगळं काढत आणि सवाबची नियत न धरता कुणा गरजूला देऊन टाकत.

मग आयकर खात्याची नोटीस आली. बाकीचे संचालक गणित-विज्ञानवाले, पण कागद वाचायचं काम भाषेच्या बाईकडे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बीएडवालीला कलम ८०पी कुठून कळणार? सीएंच्या ऑफिसात चार शनिवार बसले तेव्हा थोडं कळलं.

१९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम सांगतं की सहकारी संस्थेने सभासदांना कर्ज देऊन मिळवलेला नफा उत्पन्नातून वजा होतो. २००६ च्या वित्त कायद्याने सहकारी बँकांची ही सवलत काढली, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, म्हणून आमची राहिली. (रिटर्न मुदतीत भरलं होतं हे नशीब. आकारणी वर्ष २०१८-१९ पासून उशीर झाला की सगळीच वजावट जाते.)

भांडण होतं ते ठेवींचं. आमचा राखीव निधी आणि कर्जाला न लागलेली रक्कम जिल्हा मध्यवर्ती बँकेत मुदत ठेवीत आहे. तिथलं व्याज अधिकाऱ्यांनी 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' ठरवलं आणि त्यावर कर लावला. आधार टोटगार्स निकालाचा. सिरसीच्या या संस्थेने सभासदांच्या शेतमालाच्या विक्रीचे, त्यांना द्यायचे पैसे ठेवीत गुंतवले होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे व्याज धंद्याचं नाही. आमचे सीए म्हणतात, तिथले पैसे सभासदांचं देणं होतं. आमचा राखीव निधी आमचाच, आणि तो कुठे गुंतवायचा हे सहकार कायदाच सांगतो. शिवाय ८०पी(२)(डी) प्रमाणे दुसऱ्या सहकारी संस्थेतल्या गुंतवणुकीवरचं व्याज वजा होतं. मग जिल्हा बँक सहकारी संस्था नाही तर काय आहे? यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ या एकाच वर्षात, त्याच सिरसीच्या संस्थेबाबत, दोन उलट निकाल दिले. आठवीच्या मुलाने एकाच प्रश्नाची अशी दोन उत्तरं लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं.

अपिलाची हकिगत मी मराठीत लिहून दिली. त्यात 'व्याज' शब्द किती वेळा आला ते मोजलं नाही, पण लिहिताना हात अडखळत होता. कायद्याला माफ आहे ते अडचणीतल्या सहकाऱ्याकडून घेतलेलं व्याज. त्याची हरकत आहे ती बँकेने ठेवीवर दिलेल्या व्याजाला. अब्बांचा हिशेब नेमका उलटा पडला असता. गरजवंताकडून घेतलेलं ते त्यांना सर्वांत वाईट. सीए समजावतात की सभासदाचं व्याज सभासदांकडेच परत येतं, एका खिशातून दुसऱ्या खिशात. हे मला पटतं, पण कर्जाचे हप्ते थकलेला शिपाई स्टाफरूमच्या दारात उभा राहिला की कमी पटतं.

वार्षिक सभेत आरडाओरडा झाला. "बाई, आमच्या पैशावर कर कसा लागला?" टोटगार्स कोण ऐकणार! लाभांश मुलीच्या फीसाठी धरून बसलेल्या एका मॅडमच्या नजरेला नजर देता आली नाही.

अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. वसुली थांबवायला मागणीचे वीस टक्के भरावे लागले, त्यासाठी त्याच ठेवींमधली एक मोडली. यंदा लाभांश नाही. अम्मीला सांगितलं तर म्हणाली, "अच्छा हुआ."