फुगा आणि बटण

माझे बाबा श्रीवर्धनला मासेमारी करतात. त्यांच्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या नळीत एक रबरी फुगा आहे. लहानपणी तो दाबायचे काम माझे. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, आणि दाबत राहायचे. फुगा दगडासारखा कडक लागला की कार्ब्युरेटर भरला. मग बाबा दोरी ओढायचे.

आमच्या शाळेच्या सेफ्टी बोटीलाही असाच फुगा होता. आठवडाभर बोट उभी राहिली की तो दाबून दाबून मनगट दुखे. अकरावीत मी बोटिंग क्लबचा कॅप्टन झालो आणि उस्तादांच्या मागे लागून फुग्याच्या जागी विजेचा छोटा पंप बसवून घेतला. पंप मात्र पारखून घेतला होता, एवढे श्रेय मला द्या. कार्ब्युरेटरला दोन-चार पीएसआय दाब पुरतो. त्याहून फार जास्त दिला तर फ्लोटची सुई मागे ढकलली जाते आणि पेट्रोल ओसंडते. बटण स्प्रिंगचे, बोट उचलले की पंप बंद. दहा मोजा, दोरी ओढा, इंजिन चालू. ज्युनियर माझ्याकडे इंजिनियरकडे पाहावे तसे पाहत.

जानेवारीतल्या एका रविवारी दोन ज्युनियरची शिडाची बोट तलावाच्या मध्यावर उलटली. मी सेफ्टी बोटीत उडी मारली. बटण दाबले, दहा मोजले, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा दहा. काही नाही. तिसऱ्यांदा बटण दाबून धरले तोच उस्ताद जेटीवरून ओरडले, "रुक! हाथ हटा!"

त्यांना वास आला होता. घाईत मला आला नव्हता. इंजिनाच्या तोंडाशी नळीची जोडणी पुरती बसलीच नव्हती. ती सकाळी मीच लावली होती. सगळे पेट्रोल माझ्या बुटांखाली जमत होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशीच साचते. एखादी ठिणगी पुरली असती.

शेवटी वल्ह्यांची व्हेलर गेली. लाइफ जॅकेट घालून, उलटलेल्या बोटीला धरून ती दोन पोरे पंधरा मिनिटे गार पाण्यात होती. जेटीवर आल्यावर धाकटा दात वाजत असतानाच मला म्हणाला, "सॉरी सर." ते मला अजून सहन होत नाही.

फुगा असता तर तो कडक झालाच नसता. पेट्रोल भलतीकडे जाते आहे हे हाताला लगेच कळले असते. पंप आपला त्याच सुरात गुरगुरत राहिला.

मी पंप उपटून काढायला निघालो होतो. उस्तादांनी काढू दिला नाही. त्याच नळीत जुना फुगाही परत बसवायला लावला. आता आधी जोडणी ओढून पाहायची, मग फुगा हाताने कडक करायचा, मगच बटण.

बाबांना हे सांगायला मला दोन महिने लागले. ते रागावले नाहीत. फोनवर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारले, "त्या धाकट्याला ताप नाही ना आला रे?"