दोन बारांमधला अवकाश

माझ्या लहानपणी, मामलेदार कचेरीच्या आवारातल्या पिंपळाखाली अर्जनवीस आणि पक्षकार सकाळपासून ठाण मांडून बसत त्या काळात, खजिन्याच्या कोठडीवर पहारा देणाऱ्या शिपायाच्या खांद्याला जी बंदूक असे तिला तो ‘मस्केट’ म्हणे. अंगलटीने ती लढाईतली थ्री-नॉट-थ्रीच. परंतु ईशापूरच्या कारखान्यात तिची नळी आतून गुळगुळीत, ४१० बोअरची करून काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसविलेला, म्हणजे एका वेळी एकच बार. जमावाने हिसकावून नेली तरी तिचा फारसा उपद्रव होऊ नये, हा त्यातला सरकारी धोरणीपणा मला पुष्कळ उशिरा उमगला. तेव्हा मला भुरळ होती ती तिच्या बोल्टची. एके दुपारी, कचेरीत सामसूम असताना, शिपायाने रिकामी बंदूक गुडघ्यांत धरून मला तो फिरवू दिला: दांडी वर, मागे, पुढे, खाली.

पुढे आयुष्य उताराला लागल्यावर मुलीकडे विस्कॉन्सिनला गेलो असता, होरिकॉनच्या विस्तीर्ण दलदलीलगत, जेथे शरद ऋतूत कॅनडाहून दक्षिणेकडे निघालेले रानहंस सहस्रावधी उतरतात, तेथल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या गोठ्यात हाच बोल्ट मला एका छऱ्यांच्या बंदुकीवर दिसला. मार्लिन कंपनीची ती ‘गूज गन’. नळी ३६ इंचांची, आणि उभी केली तर तोंड माझ्या खांद्याशी येणारी. मला हसू आले. म्हातारा रागावला नाही.

खरे पाहता हा विजोड संसारच. बोल्ट शोभतो रायफलीला, कारण हरिण क्षणभर उभे राहते. पाखरू कोणासाठी थांबते? दुनळीचा धनी दुसरा चाप ओढून मोकळा होतो तोवर ह्या बंदुकीवाल्याचा हात दांडीवरच असतो. पण ती स्वस्त होती, आणि शेतकऱ्याच्या घरी एवढे एक कारण पुरे असते. सीअर्सच्या जाडजूड सूचिपत्रातून जे. सी. हिगिन्स ह्या नावाने, घडविल्या मात्र दुसऱ्याच कारखान्यांनी, अशा कितीतरी बंदुका खेडोपाडी पोचल्या; १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदूक मागविण्याची ती सोय बंद झाली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत तर हरलेल्या फौजेच्या माउझर रायफलींच्याच नळ्या बदलून ‘गेहा’ नावाच्या शिकारी बंदुका निघाल्या. पराभूत फौजेच्या हत्याराला तितर-सशांची चाकरी लागावी, ह्यात मला तरी उणेपणा वाटत नाही.

गोठ्यातल्या बाकावर म्हाताऱ्याने तेलाची चिंधी काढली. बोल्टच्या मुठीवरचा काळा मुलामा अंगठ्याच्या जागी झिजून आतले पोलाद रुप्यासारखे उजळले होते, आणि दस्त्यावर गालाच्या जागी लाकूड तुकतुकीत झाले होते. “पहिला बार हुकला की,” तो म्हणाला, “बोल्ट मागे-पुढे होईस्तोवर हंस शेजाऱ्याच्या मक्यावर पोचलेला असायचा. मग मी त्याच्याकडे पाहात बसे.” हे सांगताना त्याच्या मुद्रेवर खेदाचा लवलेश नव्हता, आणि भराभर चालणाऱ्या बंदुका घेऊन दलदलीत उतरणाऱ्या तरुणांना हे पाहात बसणे कधी लाभत असेल काय, अशी शंका माझ्या मनात येऊन गेली.

१९९१ पासून त्या देशात पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे झाडण्यास सर्वत्र मनाई झाली. पोलादी छरे शिशासारखे दबत नाहीत, आणि तोंडाशी आवळलेल्या जुन्या नळीला ते सोसत नाहीत. त्यामुळे हंसांसाठीच जन्मलेली ही बंदूक हंसांपुरती सेवानिवृत्त झाली. दलदलीच्या तळाशी साचणाऱ्या शिशाने पाखरे विषबाधेने मरत, तेव्हा कायदा रास्तच. म्हाताऱ्याचीही त्याबद्दल फिर्याद नव्हती. आता वसंतात रानटर्कीसाठी तेवढी ती बाहेर निघते.

पेटी काढून, नळीत बोट घालून काडतूस नसल्याची खात्री करून घेत त्याने बंदूक माझ्या हाती दिली. मी उभ्या जन्मात चिमणीही मारलेली नाही. तरी हात न चुकता दांडीवर गेला: वर, मागे, पुढे, खाली. छपराच्या वाशावरची दोन कबुतरे त्या आवाजाने उडाली, आणि आम्ही दोघेही त्यांच्याकडे पाहात राहिलो.