अधिक-उणे

महाराष्ट्रात जमिनीची मोजणी आता बऱ्याच ठिकाणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या फिरत्या रिसीव्हरने होते, आणि हद्दीच्या दगडावर तो उभा केला की पडद्यावर त्या बिंदूच्या स्थानासोबत एक-दोन सेंटिमीटरचा एक लहानसा आकडा उमटतो, ज्याच्या आधी अधिक-उण्याचे चिन्ह आहे असे समजायचे असते. स्थान उपग्रहांच्या संदेशांतून निघते; हा आकडा मात्र त्या संदेशांमध्ये कोणत्या प्रकारची आणि किती चूक असावी, याविषयी कोणीतरी आधीच करून ठेवलेल्या गृहीतकांतून निघतो. बांधावर जमलेले भाऊबंद स्थानाकडे पाहतात, पण मोजणीची जबाबदारी पेलतो तो हा लहान आकडा, आणि तो खरा कसा ठरवावा यातच या विद्येचे सगळे कसब आहे.

जीपीएसचा उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याच्या संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. वेळेत सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तरी अंतर 30 सेंटिमीटरने चुकते. स्थानाचे तीन अज्ञात आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक हा चौथा, असे चार अज्ञात सोडवायला चार उपग्रह पुरतात, परंतु आकाशात त्याहून अधिक दिसत असतात आणि त्यांची अंतरे एका बिंदूवर तंतोतंत कधीच जुळत नाहीत. हा मतभेद मिटवण्यासाठी फ्रेंच गणिती लजांद्र यांनी 1805 साली प्रसिद्ध केलेली किमान वर्गांची पद्धत वापरतात, जिच्यात प्रत्येक निरीक्षणाला त्याच्या विश्वासार्हतेप्रमाणे भार दिला जातो. हा भार प्रमाण विचलनाच्या, म्हणजे चुकीच्या सर्वसाधारण पसाऱ्याच्या, वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे चांगले उत्तर मिळवायचे तर चुकीचे माप आधीच ठाऊक असावे लागते, आणि ते उपग्रहागणिक बदलते. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संदेश हवेतून तिरपा व लांबचा प्रवास करून येतो. समुद्रसपाटीवर माथ्यावरच्या उपग्रहासाठी हवेमुळे साधारण 2.3 मीटर दिसणारे जादा अंतर 10 अंशांच्या उंचीवर सुमारे 13 मीटर होते, आणि त्यातले बहुतेक गणिताने वजा केले तरी उरणारी चूकही त्याच ओघाने वाढते. म्हणून उंचीच्या कोनाच्या साइनचा वर्ग भार म्हणून घेण्याची साधी रीत रुळली आहे, जिच्यात 30 अंशांवरच्या उपग्रहाला माथ्यावरच्याच्या चौथाई किंमत मिळते. मोकळ्या माळावर ही रीत उत्तम चालते, पण गावठाणातल्या पत्र्याच्या छपरांजवळ उंचावरच्या उपग्रहाचा संदेशही परावर्तित होऊन येतो, आणि तेथे कोनाऐवजी प्रत्यक्ष संदेशाच्या बळावरून भार ठरवणे अधिक शहाणपणाचे असते.

यापेक्षा मोठा धोका चुकांच्या आपसातल्या नात्यात आहे. दोन रिसीव्हर आणि दोन उपग्रह यांच्या निरीक्षणांची दुहेरी वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका गळून जातात, पण सगळ्या वजाबाक्यांत एकच संदर्भ-उपग्रह वापरल्यामुळे त्याची चूक प्रत्येकीत शिरते आणि मुळात स्वतंत्र असलेल्या निरीक्षणांमध्ये 0.5 इतका सहसंबंध निर्माण होतो. हा सहसंबंध निदान कागदावर मांडता येतो. काळाच्या ओघातला सहसंबंध त्याहून निसटता आहे. दर सेकंदाला एक याप्रमाणे तासाभरात 3,600 निरीक्षणे मिळाली, तर ती स्वतंत्र मानणारे गणित सरासरीची चूक 60 पटींनी घटल्याचे सांगते. परावर्तनामुळे येणारी चूक मात्र सेकंदागणिक बदलत नाही, ती कित्येक मिनिटे रेंगाळते. तिची स्मृती पाच मिनिटांत घातांकी गतीने ओसरते असे धरले, तर त्या तासाभरात खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी निरीक्षणे जेमतेम सहा-साडेसहा भरतात आणि चूक 60 पटींनी घटण्याऐवजी अडीचपटच घटते. यंत्र संथपणे तासभर उभे राहिले, आकडे हलले नाहीत, एवढ्यावरून अचूकतेची ग्वाही देणारा मोजणीदार खोटे बोलत नसतो, पण त्याच्या हातातला आकडा त्याला फसवत असतो.

परावर्तनाच्या याच चुकीचा एक विलक्षण गुण असा की ती परत येते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 11 तास 58 मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करतात, त्यामुळे कोणत्याही जागेवरून दिसणारी त्यांची मांडणी दररोज जवळपास चार मिनिटे आधी जशीच्या तशी उभी राहते, आणि तीच भिंत तोच संदेश तसाच परतवते. कायमस्वरूपी केंद्रावर काम करणारा अभ्यासक आदल्या दिवशीचे अवशेष, म्हणजे जुळणीनंतर उरलेले फरक, चार मिनिटे सरकवून वजा करू शकतो. रोज त्याच वेळी मोजणाऱ्याला मात्र तीच चूक पुन्हा पुन्हा भेटते आणि निकालांची एकवाक्यता हीच त्याला अचूकता वाटू लागते.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या केंद्रांच्या नोंदींतही हेच मोठ्या प्रमाणावर घडते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो हे अशा नोंदींवरून कळते. पण रोजच्या चुका स्वतंत्र मानल्या तर वेगातली अनिश्चितता 5 ते 11 पटींनी कमी लेखली जाऊ शकते, असे माओ, हॅरिसन आणि डिक्सन या संशोधकांनी 1999 साली दाखवून दिले.

भारतावरच्या आकाशात आणखी एक अडचण आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, दिवसा तेथून वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सुमारे 15 अंशांवर साचतात, आणि सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात, विरळ पोकळ्या उठून संदेश थरथरू लागतो. अशा वेळी चुकीचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे, राहत नाही. त्याच्या शेपट्या जाड होतात, म्हणजे मोठ्या चुका अपेक्षेहून अधिक वेळा घडतात. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या, विमानांना जीपीएसच्या दुरुस्त्या पुरवणाऱ्या गगन प्रणालीला विमान उतरवताना याच शेपट्यांचा हिशेब द्यावा लागतो, कारण घातक चूक लक्षात न येण्याची शक्यता दर अवतरणामागे एक कोटीत दोनहून अधिक असून चालत नाही. आयनांबर म्हणजे 350 किलोमीटर उंचीवरचा एकच पातळ थर असे मानण्याची इतरत्रची पद्धत येथे अपुरी पडली, म्हणून गगनसाठी अनेक थरांचे प्रतिमान घडवले गेले. शिवाय चुकीची घंटा मुद्दाम एवढी रुंद धरली जाते की खरी शेपटी तिच्याखाली झाकली जावी. सर्वसाधारण चूक जाणूनबुजून मोठी सांगण्याची ही रीत या शास्त्रातली सर्वांत प्रामाणिक कृती आहे.

शेताच्या बांधावर इतके गणित मांडायला सवड नसते. तेथे जाणता मोजणीदार दगडावरचा रोव्हर उचलतो, इतर कोपरे मोजून घेतो आणि दोन-तीन तासांनी, उपग्रहांची मांडणी पालटल्यावर, त्याच दगडावर तो पुन्हा उभा करतो. दोन्ही वेळांच्या स्थानांत चार सेंटिमीटरांचा फरक आला, तर पडद्यावरचा एक सेंटिमीटर बाजूला ठेवून तो नोंदवहीत चार लिहितो.